‘सगळे सारखेच’ : नाते गावच्या सी. डी. देशमुखांची एक मागणी

पीएचडीचा विषय काय म्हणून कुणी विचारलं आणि तुम्ही ‘राजकारणावरचा अविश्वास’ म्हणालात, तर समोरून एकच वाक्य येतं, ‘त्यात संशोधन काय करायचं? सगळे सारखेच!’ मी वनस्पतिशास्त्राकडून इकडे वळलो, त्यामुळे हे वाक्य मला नमुन्यासारखं दिसतं. ते कुठे आणि कशावर वाढतं, हे पाहावंसं वाटतं.

महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागतं. नेटची तयारी करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण यूजीसीचे अध्यक्ष राहिलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख 1896 मध्ये इथे जन्मले. (केंब्रिजला तेही वनस्पतिशास्त्रच शिकले, बरं का!) पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले, 1952 ला कुलाब्याचे खासदार झाले. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं. हा राजीनामा आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. मला महत्त्वाची वाटते ती तीन वर्षांनंतरची गोष्ट.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. 1957 मध्ये सरकारी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण काढलं. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि महिन्याच्या आत संपवली. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. म्हणजे देशमुखांच्याच खुर्चीवर नंतर बसलेला माणूस. लोकांनी साक्षी ऐकल्या, निकालही पाहिला. पण ही चौकशी सरकारने नेमली म्हणून झाली, नेमली नसती तर?

1959 मध्ये देशमुखांनी नेमकं यावर बोट ठेवलं. मंत्र्यांवरच्या तक्रारी तपासायला उच्च दर्जाचं, निःपक्ष आणि कायमचं न्यायाधिकरण हवं, अशी त्यांनी मागणी केली. ते नेमलं तर पाच-सहा प्रकरणं आपण स्वतः मांडू, असंही म्हणाले. तेव्हा ते यूजीसीचे अध्यक्ष होते, हे विसरू नका. नेहरूंनी मागणी फेटाळली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अशा यंत्रणेने आरोप-प्रत्यारोपांचं वातावरण तयार होईल आणि कारभार चालवणं अवघड होईल.

आता तुम्ही कुणाच्या बाजूने? माझा पहिला कल अर्थातच देशमुखांकडे होता. आपल्या जिल्ह्याचा माणूस! पण खरं सांगायचं तर त्यांचीही एक बाजू लंगडी पडते. नावं न घेता ‘माझ्याकडे प्रकरणं आहेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळ्याच मंत्र्यांचा संशय येतो. नेहरूंची भीती पोकळ नव्हती. तरीही त्यांच्या उत्तराने आरोप मिटले नाहीत, फक्त सभागृहातून चहाच्या टपरीवर गेले. टपरीवर कुणी दोषी ठरत नाही आणि कुणी निर्दोषही सुटत नाही. माझ्या मते ‘सगळे सारखेच’ इथे उगवतं. लोकांच्या अपेक्षा संपल्या म्हणून ते उगवत नाही. खरं-खोटं ठरवायची जागाच नसल्याने उगवतं.

1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, पण मंत्री त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. महाराष्ट्राने लोकायुक्त कायदा 1971 मध्ये केला. केंद्रात पहिले लोकपाल बसले ते 2019 मध्ये. देशमुखांच्या मागणीनंतर साठ वर्षांनी!

एवढं लिहून गाइडला दाखवलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता, ‘उलटं उदाहरण आहे का?’ आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात आहे. कुलाब्याचं नाव ज्यांच्या काळात रायगड झालं, त्या मुख्यमंत्री अंतुल्यांना सिमेंट वाटप आणि ट्रस्टच्या देणग्यांच्या प्रकरणात जानेवारी 1982 मध्ये पद सोडावं लागलं. इथे तर जागा होती, खुद्द उच्च न्यायालयाचा निकाल होता. फौजदारी खटला मात्र पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. आणि 1989 मध्ये त्याच कुलाबा मतदारसंघाने, ज्याने देशमुखांना पाठवलं होतं, अंतुल्यांना लोकसभेत पाठवलं. पुन्हा 1991 ला, पुन्हा 1996 ला.

हे मतदार निबर झाले होते, की निराधार योजनेसारखी कामं त्यांनी वेगळ्या तराजूत तोलली? माझ्या मांडणीत ही केस अजून बसलेली नाही. सिनॉप्सिसमध्ये तिच्यासाठी एक पान कोरं ठेवलंय.