घर वाढवताय? कोणत्या कामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते, कोणत्या नाही

सास्तूर (ता. लोहारा) : रब्बीची रास घरात आली की गावात वाळू-विटांचे ट्रॅक्टर सुरू होतात. कुणाला पोराच्या लग्नाआधी एक खोली काढायची असते, कुणाला पत्रे काढून स्लॅब टाकायचा असतो. घर आपलं, जागा आपली, मग परवानगी कशाला, असं बरेच जण विचारतात.

रंगरंगोटी, गिलावा, फरशी, नळ-मोरीची दुरुस्ती, फुटके पत्रे काढून त्याच उंचीवर नवे टाकणं, याला परवानगी लागत नाही. पण नवी खोली, पत्र्याच्या जागी स्लॅब, वरचा मजला किंवा जुनं पाडून नवं बांधणं असेल तर लागते. गावठाणात ती ग्रामपंचायतीकडून आधी घ्यायची असते. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम 52 तेच सांगतं. शेजाऱ्याच्या बाजूने खिडकी फोडायची असेल तरी आधी विचारा. निम्मी भांडणं तिथूनच पेटतात.

2021 पासून हे काम सोपं झालंय. 1600 चौरस फुटांपर्यंत मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा अन् सांगितलेलं शुल्क भरायचं. 3200 फुटांपर्यंत ग्रामपंचायतच दाखला देते. त्यापुढे मात्र नगररचना विभागाकडे जावं लागतं.

आपल्याकडे लोक टाळतात तो नेमका अभियंत्याचा दाखला. खरं तर सगळ्यात कामाचा कागद तोच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माणसं दगावली ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यानंतर पुनर्वसनात जमिनीप्रमाणे 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. आता कुटुंबं वाढली, जागा पुरत नाही, हे खरंच आहे. पण ती घरं एका मजल्याच्या हिशोबाने बांधलेली. पाया आणि भिंती न तपासता वर मजला चढवणं, दार मोठं करायला चौकटीवरचा काँक्रीटचा पट्टा तोडणं, नवी खोली जुन्या भिंतीला नुसती टेकवणं, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडायचं काम नाही. पूर्वी हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्यात धरला जायचा. 2002 च्या नकाशात तो झोन तीनमध्ये गेला.

शेतातल्या घराचं वेगळं आहे. सातबाऱ्याच्या जमिनीसाठी आधी लोहारा तहसीलला चौकशी करा.

अर्जाआधी नमुना नंबर 8 काढून बघा. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद लावा. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. काम झालं की वाढीव बांधकाम नमुना 8 ला लावून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल, पण बँकेत कर्जाला गेल्यावर ती खोली कागदावर दिसेल.