‘याचा बापही असाच होता’ : स्वमग्नता, वंशपरंपरा आणि घराण्यावरील आरोपाचा इतिहास

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनार तहसील आज मध्य प्रदेशात आहे. तेथून दक्षिणेस निघाले की थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द लागते आणि सोयरिकी तर हद्दीच्या दोन्ही बाजूंना असतात. कोरकू, निमाडी, हिंदी, मराठी आणि उर्दू या भाषा या पट्ट्यात शेजारी-शेजारी बोलल्या जातात. एखादा मुलगा कोणात मिसळत नाही, एकाच विषयाचा ध्यास घेतो, ताटातील पदार्थांची जागा बदलली तरी अस्वस्थ होतो, असे शिक्षकाने सांगितले की घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकच उत्तर देतात : ‘याचा बापही असाच होता.’ शिक्षकास हे उत्तर टाळाटाळीचे वाटते. वस्तुतः त्यात एक ऐतिहासिक साक्ष आहे. तिचे वैद्यकशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत काय केले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत अशा माणसाला घुमा, एकलकोंडा किंवा तऱ्हेवाईक म्हटले जाते. उर्दूत गुमसुम हा शब्द आहे आणि सूफी परंपरेतून आलेला मजझूब हा त्याहून भारदस्त शब्दही आहे. कामठीचे हजरत ताजुद्दीन बाबा यांना १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर आणले. श्रद्धावंतांच्या लेखी ते मजझूब होते, सरकारी दप्तराच्या लेखी वेडे. अशा थोर व्यक्तींना आजच्या निदानाची चिठ्ठी चिकटविणे हा इतिहासलेखनातील दोष होय आणि तो येथे करावयाचा नाही. मुद्दा एवढाच, की समाजापाशी आणि सरकारपाशी दोनच कप्पे होते. १८८१ ते १९३१ च्या जनगणनांत व्यंगांसाठी वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे रकाने होते. जो घरीच राहिला, हिशेब चोख लिहीत राहिला, मात्र चार माणसांत बसला नाही, तो ना दर्ग्याच्या कप्प्यात आला, ना जनगणनेच्या. त्याची नोंद फक्त घरातल्या बोलण्यात राहिली.

‘स्वमग्नता’ हा मराठी पर्याय ज्या शब्दावरून आला, तो ‘ऑटिझम’ स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण सांगण्यासाठी रूढ केला. त्याच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. अरबीत ‘तवह्हुद’ म्हणतात, म्हणजे एकटेपण. या सर्व शब्दांत माणूस मुद्दामच आत जाऊन बसला आहे, असा आरोप दडलेला आहे. पुढील अनर्थाचे एक बीज या शब्दातच होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

मुलांमधील या अवस्थेचे पहिले तपशीलवार वर्णन मॉस्कोतील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये रशियन भाषेत आणि १९२६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. त्यात सहा मुलांची हकिगत होती आणि ही घडण जन्मजात असावी असे त्यांचे मत होते. त्यानंतर दीर्घकाळ त्यांचे नाव कोणी फारसे घेतले नाही. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांचा प्रबंध आला.

ॲस्पर्गर यांच्या प्रबंधात चार मुलगे तपशिलाने येतात. त्यांपैकी फ्रिट्झ व्ही. या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाची हकिगत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. फ्रिट्झ दहाव्या महिन्यातच बोलू लागला, चालू लागला तो मात्र चौदाव्या महिन्यात. इतर मुलांत तो रमत नसे. गणितात मात्र वयाच्या मानाने त्याची झेप थक्क करणारी होती. डॉक्टरांनी त्याच्या आईकडे पाहिले तेव्हा त्यांना मुलाचीच प्रतिमा दिसली. तशीच अवघडलेली चाल, तसाच लोकांशी वागण्यातील विचित्रपणा. घरातील कटकट असह्य झाली की ती सरळ उठून आपल्या आवडत्या डोंगरांत निघून जाई आणि आठवडाभर परतत नसे. आईच्या माहेरी एक मोठा ऑस्ट्रियन कवी होऊन गेला होता. तिचे वडील आणि आणखी काही आप्त यांना सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले होते, आणि फ्रिट्झ बराचसा या आजोबांवर गेला होता. एका मुलाच्या कागदांत अशा तीन पिढ्या उभ्या राहतात. ज्या-ज्या कुटुंबाची नीट माहिती मिळाली त्या प्रत्येकात नातेवाइकांमध्ये अशा छटा आढळल्या, असे ॲस्पर्गर यांनी नोंदविले आहे.

परंतु हे कोणत्या शहरात आणि कोणत्या साली लिहिले जात होते, हे विसरून चालणार नाही. वंशपरंपरेने रोगी ठरविलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा नाझी कायदा जर्मनीत १९३३ मध्ये झाला आणि १९४० पासून तो ऑस्ट्रियातही लागू झाला. व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत सुमारे आठशे मुलांचा जीव घेतला गेला. खुद्द ॲस्पर्गर यांनी काही मुलांना तेथे पाठविण्याची शिफारस केली होती, हे हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. ‘आजोबाही असाच होता’ हे वाक्य त्या काळात व त्या शहरात उच्चारणे म्हणजे साऱ्या घराण्याविरुद्ध पुरावा देण्यासारखे होते.

युद्धानंतर वंशपरंपरेचे नाव घेणे अमेरिकेतही अवघड झाले आणि आरोपाची दिशा बदलली. कॅनर यांनी १९४३ मध्ये ही उणीव जन्मजात मानली होती. त्याच वेळी, मुलांचे आईबाप आणि आजी-आजोबा पुस्तके व शास्त्र यांत गढलेले आणि मायेने जरा कोरडे आहेत, असेही त्यांनी लिहिले. १९४९ मध्ये त्यांनी अशा घरांना बर्फ न वितळणाऱ्या शीतकपाटाची उपमा दिली. पुढे ‘शीतकपाट माता’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात हा आरोप टोकाला नेला. स्वतः नाझी छळछावणीतून सुटून आलेल्या या माणसाने मुलांच्या अवस्थेची तुलना छावणीतील कैद्यांशी केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आईचा अबोलपणा दिसला होता, तो खराच होता. चूक निरीक्षणात नव्हती. आई अबोल म्हणून मूल तसे झाले, हा अर्थ चुकला. आई आणि मूल एकाच वेलीची फळे असू शकतात, हे कोणाच्या मनात आले नाही.

तो अर्थ दुरुस्त करण्यास आरंभ केला बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ मध्ये त्यांनी या आरोपाची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यास प्रस्तावना कॅनर यांनीच दिली. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना दोषमुक्त ठरविले. शास्त्रीय पुरावा पुढे आठ वर्षांनी आला. सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. अकरा एकरूप जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघेही स्वमग्न होते, दहा भिन्न जोड्यांपैकी एकाही जोडीत नव्हते. याहून बोलका आकडा पुढेच आहे. केवळ पूर्ण निदान न पाहता भाषा व आकलनातील सौम्य अडचणीही धरल्या, तेव्हा अकरापैकी नऊ जोड्या जुळल्या, भिन्न जोड्यांत एकच. म्हणजे घराण्यातून उतरते ती केवळ निदान होण्याजोगी अवस्था नव्हे, तिच्या सौम्य छटाही उतरतात. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

२०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील वीस लाखांवर मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांमधील फरकापैकी सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक आहे, असे त्यात आढळले. आईमुळे म्हणून जो निराळा परिणाम मोजता येतो तो जवळजवळ शून्य निघाला. अर्थात ८० टक्के याचा अर्थ बापाकडून मुलाकडे जाण्याची शक्यता ८० टक्के, असा नाही. ही गल्लत शिकल्यासवरलेल्यांतही होते.

आपल्या समाजात या ठिकाणी चुलत-मामेबहिणीशी होणाऱ्या निकाहाचा प्रश्न निघतोच. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे काही विशिष्ट दुर्मीळ आनुवंशिक विकारांचा धोका वाढतो, हे खरे. २००८ मध्ये अशाच कुटुंबांच्या अभ्यासातून स्वमग्नतेशी संबंधित काही जनुकेही सापडली. परंतु स्वीडन किंवा फिनलंडमध्ये असे विवाह क्वचितच होतात आणि स्वमग्नता तेथेही तशीच पिढ्यांतून उतरते. तेव्हा ‘नात्यात दिल्याचे फळ’ म्हणून सुनेला किंवा व्याह्यांना टोचणे म्हणजे शीतकपाट मातेचीच देशी आवृत्ती होय.

भारतीय कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आला आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत तिचा समावेश झाला. सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. नातवाला ते मिळू शकेल. आजोबांसारखी सौम्य छट असलेल्या विद्यार्थ्याला मिळणार नाही आणि वर्गात त्याची गाठ प्रत्यक्ष शिक्षकाशीच पडेल.

या विद्यार्थ्यांच्या मागच्या पिढ्या शोधता येतात काय? रॅब ह्यूस्टन आणि उटा फ्रिथ यांनी २००० मध्ये स्कॉटलंडमधील ह्यू ब्लेअर या अठराव्या शतकातील जमीनदाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. वारशासाठी धाकट्या भावाने ह्यूचा विवाह रद्द करावा म्हणून १७४७ मध्ये दावा लावला होता आणि न्यायालयात शेजारी, नोकर, पाद्री अशा २९ जणांच्या साक्षी झाल्या. त्या साक्षींवरूनच लेखकांनी त्याचे वागणे उलगडले. खकनारसारख्या ठिकाणी शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, काझींकडील निकाहाच्या नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी ही तशीच साधने होत. कुटुंबाची संमती घेऊन आणि नावे गाळूनच त्यांचा उपयोग करावा लागेल. एक अडचण मात्र येथील भूगोलाची आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि वऱ्हाड एकाच राज्यात होते. त्यानंतर निमाड मध्य प्रदेशात राहिला, वऱ्हाड मुंबई राज्यात गेला. २००३ पर्यंत जिल्ह्याचे ठाणेही बऱ्हाणपूर नव्हे, खंडवा होते. त्यामुळे बापाकडील जुने कागद खंडव्याच्या बाजूला, तर आईच्या माहेरचे बुलढाणा, अमरावती किंवा जळगावच्या शाळांत सापडण्याचा संभव अधिक. फ्रिट्झच्या घराण्याचा धागा आईच्या वडिलांकडून आला होता. खकनारमध्ये ‘बापही असाच होता’ एवढे ऐकून जो थांबेल, त्याला हद्दीपलीकडचा हा आजोबा भेटणार नाही.