स्पोर्ट्‌स ब्राची गोष्ट: दोष शरीराचा नव्हे, कपड्याचा

आजचा विषय पाहून काही जण चपापतील. तो संकोच थोडा वेळ बाजूला ठेवूया. तालमीतला लंगोट दोरीवर सगळ्यांदेखत वाळतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. बाईची ब्रा मात्र टॉवेलखाली लपून वाळते. कसरत करताना शरीराला आधार लागतो, हे पुरुषांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या मान्य होतं. बायकांच्या बाबतीत ते कपड्यात उतरायला किती उशीर लागला, त्याची ही गोष्ट.

१९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने बंदी केली. मुली मोठ्या संख्येने मैदानावर येऊ लागल्या. त्याच दशकात जॉगिंगची लाट आली. तेव्हा व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावात लिसा लिंडाल नावाची तरुणी रोज धावायची. धावताना होणारा त्रास तिला ठाऊक होता. १९७७ च्या उन्हाळ्यात तिच्या बहिणीनेही फोनवर तीच तक्रार केली. पुरुष खेळाडू जॉकस्ट्रॅप घालतात, म्हणजे आपल्या लंगोटासारखी आधारपट्टी. तसं बायकांसाठी काही का नाही? दोघी हसल्या, पण लिसा विचार करत राहिली.

तिची बालमैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवायची. तिची सहकारी हिंडा, पुढची हिंडा मिलर, हीदेखील सोबत आली. बरेच प्रयोग फसले. मग लिसाच्या नवऱ्याने गंमत म्हणून जॉकस्ट्रॅप छातीवर चढवून दाखवला, आणि त्या थट्टेतूनच वाट सापडली. दोन जॉकस्ट्रॅप आणून पॉलीने ते एकमेकांना जोडले. आधी नाव ठेवलं ‘जॉकब्रा’, मग ‘जॉगब्रा’. नोव्हेंबर १९७९ मध्ये पेटंट मिळालं. हा माल अंतर्वस्त्र म्हणून नव्हे, तर बूट-रॅकेटसारखं खेळाचं साहित्य म्हणून विकायचा, असं त्यांनी ठरवलं. पुढे १९९० मध्ये कंपनी प्लेटेक्सने घेतली. १० जुलै १९९९ रोजी महिला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारून ब्रँडी चॅस्टेनने जर्सी काढली. काळ्या स्पोर्ट्‌स ब्रामधला तिचा फोटो जगभर गेला.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण भरलेल्या छातीच्या बायकांसाठी ती अर्धीच होती. जॉगब्रा छाती अंगाशी दाबून धरायची. लहान छातीला ते पुरतं. स्तनात आतून धरून ठेवणारा स्नायू नसतो, आधार असतो तो त्वचेचा आणि नाजूक तंतूंचा. धावताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे, असे तिन्ही दिशांना हलतात. वजन जास्त असलं की नुसतं दाबून भागत नाही. दोन्ही बाजूंना वेगळे कप लागतात, रुंद पट्टे लागतात. असे प्रकार बाजारात आले, पण सगळ्यांपर्यंत पोचले नाहीत.

त्याची किंमत किती? रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ साली, किशोरवयातच, खेळात अडथळा होतो म्हणून स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे तिने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं. निर्णय तिचा होता, पण असा प्रश्न मुलीपुढे उभा राहतो हे लक्षात घ्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका पाहणीत दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना विचारलं गेलं. स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो, असं जवळपास निम्म्या मुली म्हणाल्या.

मग विकत घेताना काय बघायचं? आधाराचं मुख्य काम खांद्यावरचे पट्टे करत नाहीत, छातीखालचा पट्टा करतो. आपली जुनी गाठीची चोळी आठवा, गाठ छातीखालीच मारायची. तेव्हा आधी छातीखालचा घेर मोजा. छाती मोठी म्हणून अनेकजणी नुसता मोठा आकडा घेतात. त्याने पट्टा सैल होतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. बहुतेक वेळा आकडा लहान आणि कपचं अक्षर पुढचं, असं माप बसतं. खालचा पट्टा पाठीवर वर सरकता कामा नये. त्याखाली दोन बोटं जातील इतपतच तो घट्ट हवा. कपातून वर किंवा काखेकडे काही बाहेर येऊ नये, कापडाला चुण्याही पडू नयेत. आणि दुकानातच चार उड्या मारा. लोक बघतील, बघू द्या. लवचीकपणा गेला की ती ब्रा बदला, जशी झिजलेल्या तळव्यांचे बूट बदलतो.

आता एक विनंती. तुमच्या घरातली, वर्गातली एखादी मुलगी आठवी-नववीत अचानक पळायची थांबली, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणू लागली, तर तिला आळशी म्हणण्याआधी आई, मावशी, बाई यांपैकी कुणीतरी तिच्याशी एकांतात बोला. कदाचित तिला नीट मापाची एक ब्रा हवी असेल.