थांबलेल्या घड्याळाला हात लावण्यापूर्वी

वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ अनेक घरांत कपाटाच्या आतल्या खणात पडलेले असते. चावी दिली की ते दोन-तीन मिनिटे टिकटिकते आणि पुन्हा थांबते. 'कोणीतरी जास्त चावी दिली म्हणून बिघडले,' हे त्यावरचे घरोघरचे निदान. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. चावी पूर्ण भरली की ती पुढे फिरत नाही, इतकेच. पूर्ण भरूनही घड्याळ चालत नसेल, तर आतले तेल वर्षानुवर्षे सुकून चिकट झालेले असते आणि स्प्रिंगची ताकद शेवटच्या चक्रापर्यंत पोहोचत नाही. असे घड्याळ मोडलेले नसते, ते मळलेले असते. हा फरक कळला, की निम्मी दुरुस्ती झाली असे समजण्यास हरकत नाही.

घरी बसून हा छंद शिकू पाहणाऱ्यांसाठी एचएमटीची हाताने चावी देण्याची घड्याळे सर्वांत सोयीची. बंगळुरूच्या या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळनिर्मिती सुरू केली. 'जनता', 'पायलट' अशा नावांनी ती देशभर गेली. तबकडी आणि केस वेगळी दिसली, तरी यांपैकी अनेकांच्या पोटातले १७ ज्वेलचे मशीन एकाच घराण्यातले आहे. त्यामुळे एका बाद घड्याळाचा भाग दुसऱ्यास बसण्याची शक्यता बरीच असते. मात्र हा साठा आता वाढणारा नाही. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. सुटे भाग मिळतात ते जुन्या दुकानांत उरलेल्या मालातून किंवा भंगारातल्या घड्याळांतून. म्हणूनच घाईने मोडलेला प्रत्येक भाग हा कायमचा तोटा ठरतो. घरातल्या जपलेल्या घड्याळावर पहिला हात चालवू नये. त्यासाठी एखादे बाद मशीन आणून तेच चार-पाच वेळा उघडावे आणि जोडावे.

साहित्य फार लागत नाही. भिंग, दोन चांगले चिमटे, तीन-चार मापांचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर, रबरी फुगा आणि खणांचा डबा एवढ्यावर सुरुवात होते. स्क्रू-ड्रायव्हरचे पाते खाचेत नेमके बसले पाहिजे, नाही तर ते घसरून पुलावर ओरखडा उमटतो आणि पुढच्या प्रत्येक कारागिराला तो दिसतो. मोबाइलने प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. आणि पंखा बंद ठेवावा! हरवलेल्या स्क्रूंपैकी किती या एका आळसामुळे गेले असतील, याची मोजदाद नाही.

उघडण्याच्या क्रमात एक नियम मोडता येत नाही. चक्रे सोडवण्यापूर्वी मुख्य स्प्रिंगमधील ताण उतरवावा लागतो. चावीची कळ बोटांत धरून ठेवावी, दातेरी चक्राला अडवणारा छोटा खटका बाजूला सारावा आणि कळ बोटांतून सावकाश उलटी सरकू द्यावी. ताण तसाच ठेवून पूल सोडला तर चक्रे एका क्षणात गरगर फिरतात. दात तुटतात, केसासारख्या बारीक टोकांचे तुकडे होतात. बॅलन्स चक्र काढल्यावर त्याखालचा नांगराच्या आकाराचा पॅलेट काडीने हलकेच हलवून पाहावा. तो आपणहून एका बाजूला झटका मारत असेल तर ताण अजून शिल्लक आहे.

कळीची दांडी काढताना नवशिक्यांची हमखास एक चूक होते. दांडी धरून ठेवणारा छोटा स्क्रू एक-दोन फेरे सैल करायचा असतो, पूर्ण काढायचा नसतो. तो पूर्ण सुटला की आतला तरफेचा तुकडा तबकडीच्या बाजूला निखळतो आणि काटे व तबकडी उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अनेक मशीनांत चावीच्या एका चक्राचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. तो सुटत नाही म्हणून जोर लावला की डोके तुटते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वापरलेल्या घड्याळात गंज बहुधा या दांडीपाशीच सुरू होतो, कारण बाहेरची ओल तिथूनच आत शिरते. जुन्या केसवर 'वॉटर रेझिस्ट' लिहिले असले, तरी आतला रबर कडक झालेला असतो. त्या शब्दांवर विसंबू नये.

यानंतरचे खरे काम म्हणजे धुणे आणि तेल. आपल्याकडे पूर्वापार पेट्रोलने मशीन धुण्याची पद्धत आहे. त्याचा थर मागे राहतो, शिवाय बंद खोलीत ते धोक्याचेच. घड्याळासाठीचे द्रावण किंवा शुद्ध नॅफ्था बरा, तोही ज्योतीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून. अल्कोहोलच्या बाबतीत मात्र एक पथ्य आहे. पॅलेटचे छोटे माणकाचे खडे आणि बॅलन्सखालचा खडा पुष्कळदा लाखेने चिकटवलेले असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दोन भाग त्यात भिजत ठेवले तर खडे सुटतात आणि चांगले घड्याळ धुण्यातच संपते. ज्वेलची छिद्रे टोकदार लाकडी काडी फिरवून साफ करावीत; काडीचे टोक काळे यायचे थांबेपर्यंत काम झाले असे मानू नये.

तेलाचा हात आखडता हवा. शिवणयंत्राचे किंवा खोबरेल तेल अर्थातच चालत नाही. वेगाने फिरणाऱ्या टोकांना पातळ तेल, मुख्य स्प्रिंगकडील सावकाश चाकांना दाट, आणि चावीच्या भागांना ग्रीस, अशी विभागणी असते. ज्वेलच्या वाटीत निम्म्याहून थोडे अधिक तेल पुरते. वाटी ओसंडली की तेल पसरून निघून जाते आणि टोक कोरडेच राहते. पॅलेटच्या टोकांना तेल घालत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. पण तो भाग एका सेकंदात पाच वेळा इकडून तिकडे जातो आणि तेलाचा चिकटपणाही त्याला जड होतो.

मशीन सुरू झाल्याच्या आनंदात पुढची चूक घडते, ती तबकडीच्या बाबतीत. डाग पडलेली तबकडी नव्याने रंगवून घेण्याचा मोह होतो. मुंबईच्या चोरबाजारातून आणि इंटरनेटवरून एचएमटीने कधीही न काढलेल्या भडक रंगांच्या 'पायलट' विकल्या जातात, त्यांना संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' असेच नाव पडले आहे. अक्षरे जाड, मिनिटांच्या रेषा अंकांपासून सरकलेल्या, काटे तोकडे, अशा खुणांवरून त्या ओळखू येतात. मूळ तबकडीवरचा डाग घड्याळाच्या वयाचा असतो. रंगवल्यावर तो परत आणता येत नाही, आणि जाणकारांच्या लेखी किंमतही उतरते. काच चमकवावी, प्लॅस्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे टूथपेस्टनेही जातात. तबकडीला मात्र फुग्याच्या हवेपलीकडे काही लावू नये.

ही सूचना केवळ सौंदर्याची नाही. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि अंकांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. अशी घड्याळे भारतातही पुष्कळ आली. आज तो रंग चमकत नाही, म्हणून रेडियम संपले असा समज होतो. संपलेले असते ते त्यातले चमकणारे रसायन. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात हा रंग भरताना ब्रशचे टोक ओठांनी नीट करणाऱ्या कामगार स्त्रियांच्या जबड्यांची हाडे झिजली, त्यांतील अनेक दगावल्या. बंद केसमधल्या घड्याळापेक्षा खरा धोका रंग खरवडल्यावर उडणाऱ्या भुकटीचा आहे, कारण ती श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाते. तपकिरी झालेला, भुसभुशीत रंग किंवा काटे थांबले त्या जागी तबकडीवर उमटलेली करपल्यासारखी सावली दिसली, तर केस लगेच बंद करावी. ते काम जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या आसपास तर मुळीच करू नये.

वेळ जुळवणे शेवटी. तासाला १८,००० ठोके देणारे मशीन दिवसाला ४,३२,००० ठोके देते. त्यात ३० सेकंदांची चूक म्हणजे शेकडा ०.०३५ इतकीच. तेवढ्यावर समाधान मानावे. घड्याळ अचानक काही मिनिटे पुढे धावू लागले तर वेगाच्या तरफेला हात लावण्याआधी ते होकायंत्राजवळ न्यावे. सुई थरथरली तर हेअरस्प्रिंग चुंबकित होऊन तिची वेटोळी एकमेकांना चिकटत असण्याचा संभव असतो. घड्याळजीकडचे यंत्र चुंबकत्व काही सेकंदांत घालवते. वेटोळी वाकलेली दिसली, किंवा बॅलन्सचे टोक तुटले, तर चिमटा खाली ठेवावा. मशीन डबीत बंद करून, स्क्रू वेगळे बांधून, आपण काय काय उघडले ते कागदावर लिहून घड्याळजीकडे द्यावे. अर्धवट उघडलेले घड्याळ पाहून कपाळाला आठ्या घालणारे कारागीरही असा कागद पाहिला की निवळतात.