नव्या संगणकातील मेमरीचा दोष कसा शोधावा

चेन्नईत अण्णा सलाईलगतची रिची स्ट्रीट ही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. येथून भाग घेऊन अनेक जण संगणकाची जुळणी स्वतःच करतात. असा नवा संगणक अचानक पुन्हा सुरू होत असेल, निळा पडदा दाखवत असेल, तर मेमरी तपासणे इष्ट ठरते. वीजपुरवठ्यातील दोष किंवा अतिउष्णता यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. मात्र सदोष मेमरी फाईलींमधील माहिती नकळत बिघडवू शकते, म्हणून चाचणी होईपर्यंत महत्त्वाचे हिशेब वा छायाचित्रे त्यावर ठेवू नयेत.

प्रथम बायोसमधील एक्सएमपी ही सुविधा बंद करावी. डीडीआर-४ मेमरीचा प्रमाणित विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो. वेष्टनावर छापलेला ३६०० चा वेग बहुधा १.३५ व्होल्टवर मिळतो, तोही प्रोसेसरला पेलला तरच. ग्राहकाला हे क्वचितच सांगितले जाते. सुविधा बंद केल्यावर संगणक स्थिर झाला, तर वेग थोडा कमी ठेवावा.

त्यानंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवावे. एकही चूक आढळली तरी ती दुर्लक्षणीय नाही. चूक आढळल्यास एकेक पट्टी एकाच खाचेत लावून चाचणी करावी. प्रत्येक पट्टी त्याच खाचेत नापास झाली, पण अन्य खाचेत उत्तीर्ण झाली, तर दोष मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरच्या वाकलेल्या पिनांचा असू शकतो.

डीडीआर-५ असल्यास पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी वीज तोडू नये.