कारागृहांतील दाटी व तिचे निवारण (भारत)

मान्य क्षमतेहून अधिक बंदी कारागृहात कोंबावे लागणे ही भारतीय तुरुंगव्यवस्थेची जुनी व्याधी होय. २०२२ अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार ४,३६,२६६ बंद्यांच्या जागेत ५,७३,२२० बंदी राहत होते. आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे लोकव्यवहारातील कच्चे कैदी असल्यामुळे, नव्या बराकी बांधून हा प्रश्न अंशतःच सुटतो. त्याचे मूळ जामिनाच्या व्यवहारात आहे.

तो व्यवहार गरिबाला किती जाचक होतो हे मध्य प्रदेशातील एका गवंड्याच्या प्रकरणावरून दिसते. वरिष्ठ न्यायालयाने जामीन मंजूर केला असताही दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि सख्खा भाऊ जामीन राहण्यास पुढे आला तेव्हा त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे या सबबीवर त्यास नाकारले. अखेर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याच्या मुक्ततेचा हुकूम दिला. दुसऱ्याच वर्षी बिहारमधील हुसैनारा खातून प्रकरणात, आरोप शाबीत होता तरी भोगावी लागली नसती इतकी वर्षे खितपत पडलेल्या बंद्यांची हकीकत उजेडात आली, आणि त्वरित न्यायचौकशी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचाच भाग ठरला.

हे तत्त्व कायद्याच्या कलमात उतरण्यास पाव शतक लागावे, ही खेदाची गोष्ट होय. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने, देहान्ताची तरतूद असलेले गुन्हे वगळून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्यास मुक्ततेचा मार्ग खुला झाला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांपुरती ही मुदत एक-तृतीयांशावर आणली व न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर सोपविले. तथापि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यास हेच कलम सवलत नाकारते, आणि ज्याच्यावर क्षुल्लक चोऱ्यांचे दोन-तीन गुन्हे दाखल आहेत असा निर्धन मनुष्य त्यामुळे आतच राहतो.

कायद्याच्या कलमांखेरीज इतरही उपाय योजले गेले. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्योराज्यी उच्चाधिकार समित्या नेमून तात्पुरता जामीन व अभिवचन रजा (पॅरोल) देण्यात आली. केंद्र शासनाच्या २०२३ च्या योजनेत गरीब बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० व दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची सोय करण्यात आली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार उभा न राहिल्यास न्यायालयाने जामिनाच्या अटी शिथिल करण्याचा आपणहून विचार करावा.