तानसा जलयोजना

तानसा : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, वैतरणेची उपनदी असलेल्या तानसा नदीवर मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी उभारलेली जलयोजना. मध्य रेल्वेचे आटगाव हे जवळचे स्थानक. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव वाढत्या शहराला अपुरे पडू लागल्यावर येथील सुमारे 2.8 किमी. लांबीचे दगडी धरण 1892 मध्ये पुरे झाले. भोवतालचे साग-ऐनाचे जंगल आज तानसा अभयारण्यात मोडते. माहुली किल्लाही त्याच हद्दीत येतो. येथील जुन्या बांधकामांची औद्योगिक वारसा म्हणून नोंद व्हायला हवी, कारण ती अजून राबती आहेत. तलावाची पूर्ण भरण पातळी 128.63 मी. असून ही उंची हेच योजनेचे इंजिन आहे. मूळ रचनेत पाणी डोंगराच्या कडेने बांधीव पाटातून व बोगद्यांतून उतरे आणि दरी आली की ओतीव लोखंडाच्या नळांतून पलीकडे जाई. आजही तानशाचे पाणी उताराने मुंबईकडे वाहते. भातसा धरणाचे पाणी मात्र पिसे येथे पंपांनी उचलावे लागते.

वारसा म्हणून नोंद करण्यावर आक्षेप असा, की चालू योजना ही निव्वळ नागरी सोय. वारसा म्हणायचा तर वापरातून गेलेल्या वास्तूला. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून चढणारा जुना व्यापारी मार्ग नाणेघाट या कसोटीला उतरतो : व्यापार थांबला, कातळातली टाकी आणि दगडी रांजण उरले. पण रांजणाचा उपयोग आज तर्काने ठरवावा लागतो, तर तानशाचे तंत्र वाहत्या पाण्यावर पडताळता येते. शिवाय येथील जंगलही या योजनेपासून वेगळे काढता येत नाही. पाणलोट राखण्याच्या गरजेने त्याला आधार दिला. 1997 मध्ये पुन्हा सापडलेला दुर्मीळ रानपिंगळा 2014 मध्ये येथे दिसला, हे त्या रानाच्या मोलाचे गमक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तानसा, भातसा आणि मोडकसागर उशाशी असूनही शहापूरच्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांनी या धरणाचा गौरव का करावा? तो करावा असे कोणी म्हणू नये. मात्र वारशाची नोंद म्हणजे गौरवपत्र नव्हे. नदीचे पाणी कोणाकडे वळले याचा सर्वांत ठोस पुरावा ही जलवाहिनीच आहे, आणि ती केवळ भंगार किंवा केवळ अभियांत्रिकीचा चमत्कार मानली, तर तो पुरावा झाकला जातो. म्हणून धरणाची लांबी-उंची आणि पाड्यांची टंचाई एकाच नोंदीत यावी. त्यांपैकी एक गाळून लिहिलेले तानशाचे वर्णन अपुरे ठरते.